एंट्रीची टाळी

आयर्लंडमधल्या एनिस गावात आमच्या घरासमोर एक म्हातारी आयरिश बाई राहायची. लॉकडाऊनमध्ये रोज दुपारी ती दारात खुर्ची टाकून बसे आणि गल्लीतलं कोणीही घराबाहेर पडलं की टाळ्या वाजवी. पोस्टमनलासुद्धा. मला आधी ती चक्रमच वाटली.

एकदा रस्त्याच्या अलीकडूनच कारण विचारलं. तरुणपणी ती अमेरिकेतल्या एका वाळवंटी गावात नर्स होती. सिनेमा-टीव्हीतले थकलेले नट तिथे कोरड्या हवेत अखेरची वर्षं काढायला येत.

"औषधाला नाही म्हणायचे, जेवणाला नाही म्हणायचे," ती म्हणाली. "पण व्हरांड्यात आले की मी टाळ्या वाजवायचे. मग ते जेवायचे बघ! खोलीतून बाहेर येणं एवढीच त्यांची एंट्री उरली होती."

पुढच्या जानेवारीत मला कोविड झाला. तीन आठवड्यांनी भिंत धरत धरत मी कसाबसा गेटपर्यंत आलो. समोर ती खुर्चीतून उठली, हातमोजे काढले आणि टाळ्या वाजवू लागली.

पुण्यात नाटकांना एंट्रीच्या टाळ्या मी पुष्कळ दिल्या होत्या. मला मिळाली ती ही एकच. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.