ऑकलंडचा मामा आणि पंधरा तास

माझ्या मुलीला एकच मामा, आणि तो ऑकलंडला. मंगलाष्टका चालू असताना मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. लग्नात बाकी काही कमीजास्त झालं तरी एवढं व्हावं, असं बायकोचं म्हणणं होतं. पण मेहुण्याला रजा मिळाली ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून. पत्रिका छापायच्या होत्या, म्हणून मी भूगावहून माले गावी थोरल्या भावाकडं गेलो आणि मुहूर्त एक दिवस पुढचा धरू म्हणालो.

दादानं मोबाईल पुढं केला. कुठल्याशा पानावर लिहिलं होतं: ऑकलंड ते मुंबई, बारा हजार तीनशे किलोमीटर, पंधरा तास.

"रातीला निघाला की सकाळी हितं. न्याहारीला मांडवात."

"दादा, हे नकाशावरचं सरळ अंतर आहे. थेट विमान नाही. मध्ये सिंगापूरला सहा तास बसायचं."

"कशापायी? इमान काय यष्टी हाय, मधी थांबायला?"

मी बोटांवर मोजून दाखवलं. तिकडं रात्रीचे अकरा म्हणजे आपल्याकडं दुपारचे साडेचार. तिथून बावीस तास. मुंबईत उतरायलाच दुसऱ्या दिवशी दुपारचे अडीच. मग सामान, घाट, हिंजवडी, मारुंजी, पौड, तेव्हा कुठं माले गावचा मांडव. आठच्या आत तो येत नाही, आणि मुहूर्त सहा पस्तीसचा.

"मोबाईल खोटं बोलंल व्हय? आन् आचाऱ्याला सांगून झालंय. लई शानपना करू नको."

त्याच मुहूर्ताच्या पत्रिका छापल्या गेल्या. बायको माझ्यावरच उखडली. "आकडे मला काय सांगताय? भावजींना सांगा ना!" जसा काही मी माले गावी हवा खायला गेलो होतो.

लग्नाच्या दिवशी सहा पस्तीसला मेहुणा घाटात होता आणि नवरदेव मारुतीच्या देवळापाशी. त्याचे मित्र डीजेसमोरून हलत नव्हते. ते हलले तेव्हा सत्कार सुरू झाले. एकाचं नाव राहिलं, तो रुसून गाडीत जाऊन बसला. त्याला समजावून आणून शाल घातली. मग आशीर्वादाची भाषणं. भटजी घड्याळ बघत होते, मीही बघत होतो. या असल्या प्रकारावर मी आयुष्यभर वैतागत आलोय. बायको मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, अजून कुणी बोलायचं राहिलंय का बघा की."

मी गेलो आणि दोघांना आग्रहानं बोलायला उभं केलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी मेहुणा मांडवात शिरला. चुरगळलेल्या शर्टावर कुणीतरी फेटा चढवला आणि तो मुलीच्या मागं उभा राहिला. बायकोला रडू आवरेना.

अक्षता पडल्या तोच दादा आला. "पोचला का न्हाई? म्हनं बावीस तास!"

मी तोंड उघडलं. बायकोनं माझी बाही ओढली. "आज नको."

पंगतीत दादा ज्याला त्याला सांगत फिरला, की आजकाल मोबाईलवर समदं बरोबर कळतं. मी भात वाढत होतो.