बुडाला भोक पाडलेली बरणी

संग्रहालयात काचेआड एक हिरवट चिनी बरणी होती. नुसतं बघूनही हाताला गार लागावी अशी. पण तिच्या गळ्यात सोनेरी मुलाम्याचं पितळ आवळलेलं, खाली सिंहाचे पंजे, दोन्ही बाजूंना फुगलेल्या पानांचे कान. युरोपातल्या कुणा श्रीमंताला ती साधी बघवली नसावी. हा साज बसवायला बुडाला आरपार भोक पाडलं होतं. म्हणजे आता तिच्यात पाणीसुद्धा राहणार नाही. मला किळस आली.

"शी! काय दशा केलीय हिची," मी नवऱ्याला म्हटलं. "चांगल्या वस्तूला सुखाने राहूच देत नाहीत मेले."

तो हळूच म्हणाला, "आणि आपल्या हॉलमधला दिवा?"

तो दिवा म्हणजे माझ्या आईची लोणच्याची बरणी. वर रेशमी शेड, खाली पितळी बैठक. वायर घालायला बुडाला भोक मीच समोर उभं राहून पाडून घेतलं होतं. ड्रिल फिरताना आतून लिंबाच्या खाराचा वास आला, तेव्हा नाकाला पदर लावून मी कारागिराला म्हटलं होतं, "आधी धुऊन तरी घ्या हो."