आबाकाकांचा अवसार, वासूचा आजार

“स्किझोफ्रेनिया,” गोव्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आमचे चेहरे पाहून त्यांनी समजावलं, खरं काय आणि भास काय हे मनाला ओळखता येत नाही, असा हा आजार. वासूला, माझ्या धाकट्या भावाला, कानात माणसं बोलताना ऐकू येत. आईनं वाढलेल्या भातात विष आहे म्हणून तो जेवत नव्हता. कणकवलीचं कॉलेज सोडून घरी येऊन पडला होता.

मग डॉक्टरांनी फॅमिली हिस्टरी विचारली, म्हणजे घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं का.

आई ताठ बसली. “आमच्या घराण्यात असला कायेक नाय.”

मला किळस आली, आईची नव्हे, त्या उत्तराची. आबाकाका माझ्या वारलेल्या वडिलांचे थोरले भाऊ. जत्रेत त्यांच्या अंगात अवसार येई, देव त्यांच्या तोंडून बोले आणि सारा गाव पाया पडे. जत्रा संपली तरी काका एकटेच कुणाशी तरी बोलत राहत. भातात विष आहे म्हणून ताट लोटून देत. घरात त्याला देवाचं सोवळं म्हणत. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी तो आजार नव्हताच.

मी सगळं सांगून टाकलं. “अंगात येणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो,” डॉक्टर म्हणाले. “पण तुमचे काका असावेत.”

मला तिसरा महिना होता. पोटातल्याला हे होईल का, मी विचारलं.

“रक्तातून धोका येतो, आजार येतोच असं नाही. जीन म्हणजे आईबापांकडून शरीराला मिळालेल्या सूचना. एकाच जीनचं हे काम नसावं, बऱ्याच मिळून धोका वाढवत असाव्यात. आणि सूचना असणं वेगळं, शरीरानं ती अमलात आणणं वेगळं. एकसारख्या जुळ्यांतही एकाला होतो, दुसऱ्याला होत नाही. का, ते अजून आम्हाला नीट कळलेलं नाही.”

‘कळलेलं नाही’ म्हणणाऱ्या त्या माणसावर माझा विश्वास बसला.

तोंडवलीला सासरी माझ्याआधी बातमी पोचली होती. सासूबाई मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “येड्याचा रगत आमच्या घरात नको. अजून येळ आसा, खाली करून घे.”

नवरा ओटीवर बसून नखं कुरतडत होता. मला दोघांची शिसारी आली.

“गेल्या जत्रेत आबाकाकांच्या पायावर डोक्या ठेवन नातू कोणी मागल्यान?” मी विचारलं. “तेंच्या हातचो नारळ माझ्या ओटीत कोणी घातल्यान?”

सासूबाईंनी बांगड्याचं पोट चिरलं आणि आतडी बाहेर ओढली. मी पिशवी भरून माहेरी आले.

गोळ्यांनी वासूचे हात थरथरायचे, जीभ जड व्हायची, पण आवाज मागे हटले. एक दिवस त्यानं आईकडे भात मागून घेतला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आबाकाकांना मात्र गावानं दवाखान्यात नेऊ दिलं नाही. देवाला गोळी कशी देणार म्हणे! गावाला नवस बोलायला काका हवेत, त्यांच्या उपाशी पोटाचं कुणाला काय! तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांपासून देवाधर्माचं म्हणूनही काही झाकू नका.

मुलगी झाली तेव्हा नवरा आला, सासूबाई आल्या नाहीत. वासू थरथरते हात मांडीखाली दाबून तिच्याकडे बघत बसला होता.

“ताये, हिका माझ्यासारखा होतला काय गो?”

“म्हायत नाय,” मी म्हटलं, आणि मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. “झाला तर पयल्याच दिसाक डॉक्टरांका खरा सांगू.”