पूर्णांक म्हणजे होल नंबर नव्हे

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या एका इंग्रजी शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली. अर्ज तर केला, पण सातवीच्या वर्गाला एक धडा शिकवून दाखवायचा आहे असं कळलं आणि इंग्रजी शब्द पाठ करायला लागले. माझं सगळं शिक्षण रत्नागिरीजवळच्या गावात, मराठीतून झालेलं. लग्न होऊन भाईंदरला आले, बाजारात हिंदी बोलू लागले, पण गणित डोक्यात मराठीतच चालायचं.

पोळ्या लाटताना पुटपुटत राहायचे: परिमेय म्हणजे रॅशनल, क्रमनिरपेक्ष म्हणजे कम्युटेटिव्ह. नवरा म्हणायचा, गणित येतंय ना, मग शब्दांचं एवढं काय? पण मला भीती शब्दांचीच होती. ऐन वेळी जीभ अडखळली तर?

वर्गात मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या. मी फळ्यावर संख्यारेषा काढली, शून्याच्या डावीकडे उणे तीन लिहिलं, त्याखाली 'होल नंबर' असे शब्द लिहिले आणि इंग्रजीत सांगितलं, हा होल नंबर आहे.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी चाचरत उभी राहिली. "मिस, मायनस थ्री होल नंबर नहीं है ना? इंटिजर है."

माझे कान तापले. इंटिजर म्हणजे पूर्णांक, आणि त्यातल्या 'पूर्ण'ने मला फसवलं होतं. तिचं बरोबर आहे असं म्हणून मी ते शब्द खोडले. मग काय वाटलं कोण जाणे, पूर्ण संख्या आणि पूर्णांक हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. पूर्ण संख्या शून्यापासून पुढे, पूर्णांकांत उणे संख्याही येतात, म्हणून माझा घोळ झाला, असं सांगून टाकलं. दोघंतिघं हसली. पुढचा तास कसा संपला, आठवत नाही.

ऑफिसात मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मराठी मीडियमच्या का तुम्ही?" हो म्हणाले आणि उठायला पर्स उचलली.

"बसा. सहावीत आमच्याकडे मराठी शाळांतून मुलं येतात. ती असंच चुकतात, पण विचारत नाहीत, गप्प बसतात. सातवी आत्ता नको. सहावी घ्याल?"

घेते म्हणाले. धाकधूक मात्र अजून गेलेली नाही. तासाआधी स्टाफरूममध्ये दोन्ही भाषांतले शब्द मनात म्हणून बघते. आणि नवीन आलेलं एखादं मूल मान खाली घालून बसलं, की त्याच्या बाकाशी जाऊन हळूच विचारते, याला आधीच्या शाळेत काय म्हणायचात?