गेट कधी बदलतं का?

आमच्या गावात पत्ता गेटानं सांगतात. मी पैठण गेटचा, बायकोचं माहेर रोशन गेटला, आणि आमचं लग्न जुळवणारे मामा भडकल गेटचे. एकेकाळी बावन्न दरवाजे होते म्हणतात. मी कधी मोजले नाहीत, आणि ज्यांनी मोजले त्यांचेही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पण जे उरलेत ते जिथल्या तिथं उभे आहेत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, दुकानांच्या पाट्या बदलल्या, तरी मकई गेट उठून कुठं गेलं नाही. हे सगळं सांगायचं कारण असं, की दिल्लीच्या विमानतळावर मी जो गाढवपणा केला, तो या गावच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला जमला नसता.

मुलगी गुवाहाटीला असते, जावई तिथं बँकेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण तिचं पोटातलं आधी एकदा चौथ्या महिन्यातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. बायकोनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "तिला आणता येत नाय ना? मग माहेरच उचलून तिकडं नेऊ." डिंकाचे लाडू, शेपा, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असं सगळं बांधून तयार होतं. तिकिटं पंधरा दिवसांनंतरची होती. आणि एका संध्याकाळी जावयाचा फोन आला, की हिचा रक्तदाब वाढलाय, परवा सकाळी ऑपरेशन करायचं ठरलंय. मागून मुलगी रडत होती. "आई, तू आल्याबिगर मी आत जायची नाय." बायको एवढंच म्हणाली, "आलेच."

जावयानं तिकिटं बदलून दुसऱ्या दिवशीची केली. आमच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्ली, तिथं विमान बदलून गुवाहाटी, संध्याकाळी हॉस्पिटलात. आम्ही दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार होतो. मी कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. कोणत्या रॅकवर कोणता नट हे झोपेत सांगेन. रात्रीतून मी जावयाला चार वेळा फोन करून दिल्लीच्या टर्मिनलचा नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला. उतरायचं कुठं, सरकता पट्टा कुठं, गेट कोणत्या हाताला, सगळं बाण मारून. बायकोला समोर बसवून समजावून सांगितलं. ती मेथी निवडत हूं हूं करत राहिली. तिची रीतच वेगळी. मी बोर्ड वाचतो, ती माणसांना विचारते. चौतीस वर्षांत या एका गोष्टीवरून मी तिच्यावर जितका ओरडलो असेन तितका दुसऱ्या कशावरून ओरडलो नाही. गुलमंडीच्या बाजारात बोर्ड डोक्यावर असताना ही बाई पाणीपुरीवाल्याला दुकान विचारणार, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करणार आणि मगच पुढं जाणार.

दिल्लीला मात्र नकाशानं काम केलं. बोर्डावर आमच्या विमानापुढं बेचाळीस लिहिलेलं मी स्वतः वाचलं. चालून चालून पोटऱ्या भरून आल्या, पण बेचाळीस सापडलं आणि समोरच्या खुर्च्यांवर मी विजयी मुद्रेनं बसलो. दोन तास हाताशी होते. शेजारच्या खांबाला फोन चार्जिंगला लावला आणि बायकोला म्हणालो, "बघ. कुणाला विचारावं लागलं का?"

तासाभरानं आजूबाजूची माणसं उठून जायला लागली. बायको माझ्या बाहीला ओढत म्हणाली, "अवं, ती बाई गेट बदललं म्हणायलीय."

"गेट?" मी हसलोच. "गेट कधी बदलतं का? उद्या भडकल गेट उठून पैठण गेटला येऊन बसंल व्हय? गाडी बदलती, माणसं बदलत्यात. गेट नाय बदलत."

"मी विचारून येऊ का कुणाला?"

"जागची हलू नको. मी चहा आणतो."

हे माझे शब्द. अजूनही कधी आठवले की मान खाली जाते.

चहाचं दुकान बरंच लांब होतं. तिथल्या बाईनं कागदी पेल्यात गरम पाणी दिलं आणि दोऱ्याला बांधलेली पुडी हातात ठेवली. याला चहा म्हणत नाहीत, असं मी तिला समजावून सांगायला लागलो. ती हिंदीत, मी आमच्या हिंदीत. मागं लाऊडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारत होते, एकदा, दोनदा, तीनदा. "कोणी तरी बावळट हरवलेला दिसतोय," असं मी त्या बाईला म्हणालोसुद्धा. ते नाव माझं होतं. माझ्या आडनावाचं त्यांनी काय केलं होतं देव जाणे, मला तरी ओळखू आलं नाही.

दोन पेले सांभाळत परत आलो तर खुर्ची रिकामी. फोन नाही, पिशवी नाही, बायको नाही. पण बेचाळीसला रांग लागलेली होती, ती बघून जरा धीर आला. विमान लागलंय, ही बाई बाथरूमला गेली असेल. मी रांगेच्या बाजूला उभा राहून तिची वाट बघत राहिलो, आणि जसजशी रांग कमी व्हायला लागली तसतसा राग वाढत गेला. हलू नको म्हटलं होतं ना! बाथरूमच्या बाहेर उभा राहिलो, पुस्तकांच्या दुकानात डोकावलो, परत आलो. ती पुढं गेली असेल हा विचार माझ्या डोक्याला एकदाही शिवला नाही. माझ्याशिवाय ती जाणार कुठं? शेवटी रांग संपली तेव्हा निदान यांना थांबवून धरावं म्हणून मी तिकीट पुढं केलं. मशीन ओरडलं. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ये तो पुणे की फ्लाइट है. आपका गेट अट्ठाईस था."

बेचाळीसपासून अठ्ठावीसपर्यंत मी धावलो. या वयात, चपला हातात घेऊन. पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं आणि काचेपलीकडं विमान मागं सरकत होतं. टेबलामागच्या पोरसवदा माणसानं माझ्याकडं पाहिलं आणि न विचारताच ओळखलं. "अंकल, आप ही हैं? आंटी तो गई. आपको कितना बुलाया हमने."

त्यानं खालून एक निळी पिशवी काढून दिली. आत माझा फोन, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, पोळीभाजीचा डबा आणि घडी घातलेला माझाच नकाशा. त्याच्या बाणांवरूनच तिनं पेनानं लिहिलं होतं, तिच्या त्या मोठ्या, एकमेकांना टेकलेल्या अक्षरांत: "पोरगी वाट बघायलीय. मी पुढं जाते. तुम्ही मागून या. गोळी जेवल्यावर घ्या, आधी नको. रागावू नका."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. चौतीस वर्षांत ही बाई मला सोडून एका गावाहून दुसऱ्या गावाला गेली नव्हती. मग राग उतरला आणि भीती वाटायला लागली. तिकडं उतरून बॅग कुठं मिळते ते तिला ठाऊक नाही, तिथली भाषा येत नाही, पट्ट्यावर पाय ठेवताना माझा दंड धरणारी ती. मग भीतीही ओसरली आणि नुसतं एकटं वाटलं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं मिळालं. विमानातून उतरवलेली माझी बॅग परत घेऊन मी एका बाकड्यावर बसलो, डबा उघडला आणि मेथीची भाजी खाता खाता रडलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत म्हटलं.

संध्याकाळी फोन वाजला. "उतरले," ती म्हणाली. "जावई घ्यायला आलेत. तुम्ही जेवला का?"

मला काय काय बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "व्हय."

त्यानंतर अडीच-तीन तासांनी पुन्हा वाजला. या वेळी जावई होता आणि त्याच्या मागं एक बारीक, चिडलेलं रडणं. मुलीचा रक्तदाब अचानक आणखी चढला होता. सकाळपर्यंत थांबता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. बायको हॉस्पिटलात पोचून तासही झाला नव्हता तेव्हा मुलीला आत नेलं. "मम्मी आल्या नसत्या तर काय झालं असतं सांगता येत नाही," जावई म्हणाला. "ती थरथरत होती. कुणाचंच ऐकत नव्हती. मम्मींनी हात धरला, कानात काय बोलल्या माहीत नाही, आणि ती शांत झाली. दारापर्यंत हात सोडला नाही त्यांनी." दोघी सुखरूप होत्या. मला नात झाली होती.

त्या बाकड्यावर बसून मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा करत होतो. तिनं माझं ऐकलं असतं तर ती आता इथं, माझ्या शेजारी बसलेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात ती मला भेटली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला. मी विचारलं, "कशी गेलीस गं?"

"विचारत विचारत." एका झाडूवाल्या बाईला तिनं ताई म्हणून, रोशन गेटच्या दखनी बोलीत विचारलं होतं, "बाजी, ये गेट किदर कू गया?" गेट जणू पायांनी चालत गेलं होतं. ती बाई हसली नाही. झाडू भिंतीला लावून हिला हाताला धरून पट्ट्यावरून अठ्ठावीसपर्यंत घेऊन गेली.

"नाव पुकारायला लावलं, तुमी आला नाय. सगळी माणसं आत गेली. लई वेळ दारात उभी राहिले. एक पाय आत, एक भाईर. तो पोरगा म्हणला, अब बंद करना पडेगा. मला काय सुचंना. मग पोरीचा आवाज कानात आला. तुमची खुर्ची शेजारी मोकळीच व्हती. सगळा रस्ता रडले मी. रागावला का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

आत गेलो. मुलगी उशीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा पडलेला पण हसरा. नात तिच्या कुशीत, लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेली. मी वाकलो तर मुलीनं माझा हात घट्ट धरला.

"बाबा, आईनं सांगितलं मला. गेटाचा घोळ झाला, वेळ नव्हता, तेव्हा तुम्हीच म्हणालात की तू जा पुढं, पोरगी वाट बघायलीय. स्वतः मागं राहिलात. मला वाटलंच नव्हतं तुम्ही आईला एकटीला पाठवाल म्हणून."

मी बायकोकडं पाहिलं. ती पाठमोरी होऊन थर्मासमधलं पाणी पेल्यात ओतत होती. पेला भरला तरी वळली नाही.

मुलीचा हात माझ्या हातात होता आणि गप्प राहणं फार सोपं होतं. चौतीस वर्षं ती अशीच सावरून घेत आली होती आणि मी गप्प राहून बरोबर ठरत आलो होतो.

"मी नाय पाठवलं गं," मी म्हणालो. "मी तर हलू नको म्हणलो व्हतो. तिची ती आली."