स्टँड खाली असलं की बंद पडणारी फटफटी

आधीच स्पष्ट सांगतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून. अमावास्या, पिंपळ, पांढरं पातळ, उलटे पाय... एकालाही कधी सरळ पायांचं भूत भेटत नाही! तरी आज मी स्वतःच लिहायला बसलोय, म्हणजे माझीही लाज गेलीच म्हणायची.

निमित्त नातवाच्या मोटरसायकलचं. नव्या गाड्यांना साइड स्टँडचा स्विच असतो. स्टँड खाली ठेवून गिअर टाकला की इंजिन बंद. माणूस विसरतो, म्हणून केलेली सोय. तर या दिवट्याने मेकॅनिककडून तो स्विच काढून वायर डायरेक्ट जोडून आणली. का, तर म्हणे "कटकट होते, आजोबा." मी त्याला अर्धा तास झापला. घरातले सगळे माझ्याकडे बघत राहिले — एवढ्याशा स्विचसाठी म्हातारा का पेटलाय, म्हणून. त्यांना सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो.

गोष्ट आणीबाणीच्या आदल्या वर्षीची. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, पुढे फरशीचं अंगण, आणि भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. मी एका कापड गिरणीत जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग चालते ठेवणारा माणूस. मागावर आडवा धागा तुटला की एक छोटा काटा हलतो आणि माग जागच्या जागी थांबतो. ते थांबणं नीट जुळवायचं काम माझं. त्यामुळे यंत्र आपोआप कसं थांबतं हे सोलापुरात मला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही, असा माझा ठाम समज होता.

घरात मी, बायको सुमन आणि तिचा धाकटा भाऊ दत्तू. दत्तू बार्शीजवळच्या खेड्यातला. वय एकवीस, मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास. पोलीस भरतीसाठी आमच्याकडे येऊन राहिलेला. रोज उजाडता धावायला जायचा, आल्यावर चार भाकरी खायचा. त्यांच्या घराण्यात पहिली सरकारी नोकरी येणार म्हणून सुमनचा जीव त्याच्यात अडकलेला. माझं मत त्याच्याविषयी एकच होतं — पायात जोर आहे, वर काही नाही. हे मत मी मनात ठेवत नसे.

फटफटी मी बार्शीच्या एका आडत दुकानातल्या मुनीमाकडून घेतली, सेकंडहँड. चावी देताना तो म्हणाला, "सायेब, गाडी झकास हाय. फकस्त स्टँड खाली असलं की जात न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे बंद पडती. गिअर टाकला की गप."

"का?"

"ते आता तिलाच इचारा की."

मी हसलो. विकता विकता स्वतःच खोट सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तोही अर्धवट निघाला.

पण गाडी खरंच बंद पडायची! स्टँड खाली असेल तर इंजिन सुरू व्हायचं, गिअर टाकला की फट् करून मरायचं. स्टँड वर घेतलं की एका किकमध्ये हजर. असला स्विच त्या काळी आपल्याकडच्या गाडीला मी कधी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. आमच्या गाडीचं स्टँड म्हणजे एक लोखंडी दांडा, एक बोल्ट आणि एक स्प्रिंग. वायर म्हणाल तर वीतभर अंतरात नाही.

नवी पेठेमागे हुसेन मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने गाडी सगळीकडून चाचपली. मग मान हलवून म्हणाला, "वायर तो कुछ बी नै साब. अच्छा काम करती ना? फिर उसकू नक्को छेडो."

म्हणजे हाही त्यातलाच! शेजारच्या बायांनी तर हँडलला लिंबू-मिरची बांधली. मी ती त्यांच्यासमोर तोडून गटारात टाकली.

मी माझ्या पद्धतीने परीक्षा घेतली. सीटवर बसून डोळे समोर ठेवले आणि दत्तूला दोरीने स्टँड खाली-वर करायला सांगितलं, मला न कळवता. मी गिअर टाकायचो. वीस वेळा केलं. ज्या ज्या वेळी स्टँड खाली होतं त्या त्या वेळी इंजिन बंद, वर असेल तेव्हा चालू. एकदाही चूक नाही. दत्तू खूश होऊन म्हणाला, "लई शानी हाय की, दाजी!" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा नक्कीच.

वर्षभर असं चाललं. आणि या वर्षात माझं काय झालं ते ऐका, कारण भुतापेक्षा ते महत्त्वाचं आहे. मी स्टँडकडे बघणं सोडून दिलं. गिअर टाकायचा, बंद पडली की पायाने स्टँड मागे ढकलायचं, पुन्हा किक. सुरुवातीला दत्तू मागून ओरडायचा, "दाजी, स्टँड!" मी म्हणायचो, "गाडी सांगते मला, तू नको सांगूस." पण हे मान्य करणं म्हणजे गाडीला अक्कल आहे असं मान्य करणं. ते माझ्याच्याने होईना. गिरणीत लोक विचारायचे, "काय जॉबर, तुमचं भूत बरं आहे ना?" आणि माझं डोकं फिरायचं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी अंगणात गाडी पूर्ण खोलली. इंजिन बाहेर, टाकी बाहेर, एकेक वायर सुटी. शेजारीपाजारी आणि गिरणीतले चार जण तमाशा बघायला जमले. मी प्रत्येक भाग फडक्यावर मांडत होतो आणि म्हणत होतो, दाखवा भूत, दाखवा! दत्तू पायरीवर बसून बघत होता. तो हळूच म्हणाला, "दाजी, कशाला खोलताय तिला? आपल्या भल्याचंच करतीय की. नुसती आटवन करून देती."

सगळ्यांसमोर मी त्याच्यावर घसरलो. "धावता येतं म्हणजे डोकं आलं का रे? दुसऱ्याच्या घरचं खायचं आणि त्यालाच शिकवायचं? इथून पुढे मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

लोक हसले. तोही थोडं हसला. मग उठून आत गेला.

गाडीत काहीही सापडलं नाही. आणि खोललेली गाडी जोडायला मला चार दिवस लागणार होते, तर दत्तूची धावण्याची परीक्षा दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. सुमनने आठवण करून दिली तेव्हा कुठे ते माझ्या ध्यानात आलं. नाइलाजाने हुसेनकडे जाऊन त्याची स्वतःची मोटरसायकल मागून आणली. त्याने लगेच चावी दिली.

सकाळी सुमनने दत्तूच्या हातावर दही ठेवलं. त्याने कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे केले होते. तो मागे बसला. मी किक मारली, गिअर टाकला, गाडी निघाली. वर्षभराच्या सवयीने माझ्या मनात एवढंच आलं की निघाली म्हणजे सगळं ठीक आहे. पेठेतून बाहेर येईपर्यंत रस्ता सरळ होता. मग डावीकडे वळलो, गाडी कलली, आणि खाली राहिलेलं स्टँड रस्त्यात रुतून गाडी उलटली.

मला कोपराला खरचटलं. दत्तूचा उजवा गुडघा गाडीखाली आला.

त्या गाडीत काही दोष नव्हता. स्टँड खाली असताना कुठलीही गाडी जशी चालते तशीच ती चालली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पाय वाचेल, पण गुडघा वाकणार नाही. सुमन भिंतीला टेकून रडत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी दत्तूजवळ बसलो आणि म्हणालो, "हुसेनने साधं सांगायला नको का, स्टँड ढिलं आहे म्हणून?" त्या क्षणालाही मला दोष द्यायला दुसरा माणूस हवा होता, बघा.

दत्तू छताकडे बघत म्हणाला, "स्टँड ढिलं नव्हतं दाजी. वर घेतलंच नव्हतं. मला दिसलं हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसलं असतं. त्याने खरोखरच माझं ऐकलं होतं... आणि वर म्हणाला, "आक्काला सांगू नका. तिला वाटंल, मी मुद्दाम गप बसलो." मी तिला सांगितलं नाही. ती जाईपर्यंत सांगितलं नाही.

आठवड्याने मी फटफटी जोडली. तोच बोल्ट, तोच दांडा, तीच स्प्रिंग. एकही भाग बदलला नाही, एकही उरला नाही. स्टँड खाली ठेवून किक मारली, गिअर टाकला, आणि ती सरळ निघाली! कुठल्याही गाडीसारखी. हुसेनला दाखवली. तो बघून म्हणाला, "गया साब." काय गेलं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुनीमाच्या हातात ती तशी का वागायची, माझ्याकडे वर्षभर का वागली, आणि खोलल्यावर का थांबली, याचं उत्तर यंत्रं कळणाऱ्या मला आजही नाही. योगायोग म्हणणाऱ्यांनी वीस वेळा नाणं उडवून बघावं. भूत म्हणणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही.

त्या दिवशी भर दुपारी मी गाडी गिरणीमागच्या मोकळ्या माळावर नेली. स्टँड खाली, पहिला गिअर, आणि नुसता गोल गोल फिरत राहिलो, स्टँड रुतू नये म्हणून डावीकडे न कलता, उजवीकडे वळत. कुणी पाहिलं असतं तर वेडा म्हटलं असतं, आणि बरोबरच म्हटलं असतं. कारण मी, भुतांना हसणारा जॉबर, हँडलवर वाकून तिची विनवणी करत होतो — बाई, थांब. एकदा बंद पड. चूक झाली माझी, एकदाच बंद पड.

पेट्रोल संपेपर्यंत ती चालत राहिली.