मामांचा गुलाल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या मामांना तर नाहीच. ज्या कपासाठी मामांनी दहा वर्षं गुलालाची पुडी जपली, तो कप आमच्या टीमनं नुसत्या हौसेवर जिंकला नव्हता. मी पैसे देऊन खेळाडू आणला होता.

एवढं लिहून झालं. आता मामांबद्दल लिहितो, ते सोपं आहे.

सामना सुरू व्हायच्या आधी मामा मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे. "सायेब, हे धरा. आता खेळ सुटंपतोर माझ्यावर कुणाची मालकी न्हाई." बहरीनमध्ये, सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंगचे फोरमन, सगळ्यांचेच मामा. आठवडाभर शिफ्टच्या भोंग्यावर उठायचे, बसायचे. शुक्रवारी दुपारी सनदच्या अलीकडच्या त्या रेताड मैदानावर मात्र घड्याळ माझ्या खिशात आणि मामा कडेच्या दोरीपाशी. सामना संपला की घड्याळ परत घेताना दरवेळी तेवढ्याच आश्चर्यानं म्हणायचे, "आयला, एवढं वाजलं व्हय!"

मामा खेळत नव्हते, शिकवतही नव्हते. ते बघायचे. तुम्ही म्हणाल, बघण्यात काय विशेष? तर मामांचं बघणं सकाळपासून सुरू व्हायचं. चुना कालवून रेघा मारायच्या, गोलची फाटलेली जाळी वेल्डिंगच्या तारेनं जोडायची, रंगाच्या रिकाम्या डब्याचा ढोल टेम्पोत टाकायचा. आणि सामन्याआधी प्रत्येक खेळाडूच्या तळहातावर एक मूठ शेंगदाणे आणि गुळाचा खडा. "खावा. ह्योच तुमचा पगार. दुसरा मिळणार न्हाई."

ते मूळचे कोल्हापूरचे, पेठेतले. तिथं फुटबॉल म्हणजे काय असतं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. पण मामा पेठेवर रुसले होते. पेठेच्या संघानं बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली. हंगामापुरते यायचे, खोली द्यायची, पैसे द्यायचे, हंगाम संपला की ते चालले. मामांची तक्रार पैशाबद्दल नव्हतीच मुळी.

"पूर्वी आमचा सेंटर फॉरवर्ड माझ्या समोरच्या घरात ऱ्हायचा," ते म्हणायचे. "गोल चुकला तर संध्याकाळी जाऊन त्येच्या आईला सांगता यायचं. आता गोल चुकला तर कुणाच्या आईला सांगू?"

हा विनोद नव्हता, ही त्यांची पद्धत होती. आमच्या टीममधल्या प्रत्येकाच्या आईचा नंबर मामांच्या फोनमध्ये होता. सामना संपला की टेम्पोच्या फळीवर बसून एकेकीला व्हिडिओ कॉल लागायचा. "वहिनी, पोरगं आज बरं खेळलं, पण डावा पाय कशाला दिलाय देवानं ते इचारा त्याला." आमचा सेंटर फॉरवर्ड रत्नागिरीचा एक पेंटर होता, चाळिशीला टेकलेला. आठ वर्षांत त्यानं मोजून सहा गोल केले असतील. त्याच्या अम्मीला मामा दर शुक्रवारी एकच सांगायचे, "जवळून गेला आज." आणि तिकडून अम्मी म्हणायची, "इंशाल्ला, पुढच्या जुम्म्याला."

अशी आमची टीम. हरायचो, पण दोरीपाशी पन्नासेक माणसं असायची आणि चुकलेल्या गोललाही टाळी पडायची.

गुलालाची पुडी मामांनी एका सुट्टीवरून परतताना आणली होती. बहरीनच्या विमानतळावर बॅग उघडली गेली. तिथल्या माणसानं पुडी नाकाशी नेली, त्याला तीन शिंका आल्या, मिशी गुलाबी झाली, आणि त्यानं हात झटकून सांगितलं, "खलास, खलास, यल्ला." म्हणजे झालं, निघा. हा किस्सा मामा नक्कल करून सांगत. पुडी त्यांच्या खोलीतल्या कपाटात, कपड्यांच्या खाली. कप आल्याशिवाय ती फुटायची नाही. दहा वर्षं ती फुटली नाही.

मी मनामाच्या ऑफिसात हिशेब बघतो. टीमचा सेक्रेटरी झालो कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मी पुण्याचा, कमी बोलणारा. मैदानावरही हाताची घडी घालून उभा राहणारा. मामा म्हणायचे, "सायेब आतल्या आत वरडतात." ते खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी मामांचा व्हिसा पुढं वाढणार नाही असं ठरलं. वय झालं होतं. कागद माझ्याच टेबलावरून गेला. मार्चअखेर त्यांनी जायचं होतं, आणि आम्ही खेळायचो त्या इथल्या कंपन्यांच्या लीगची फायनल मार्चमध्येच. त्या दिवशी मामा ऑफिसात आले, सही केली आणि म्हणाले, "पुडी परत न्यायला लागंल आता. तिकडच्या विमानतळावर कोण शिंकंल देव जाणे."

ते हसले. मला हसता आलं नाही.

लीगच्या नियमात बाहेरचे पाहुणे खेळाडू चालत. आम्ही कधी घेतले नव्हते. शेजारच्या गोदामात केरळचा एक मुलगा माल चढवायचा. त्याला मी एकदा जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळवताना पाहिलं होतं, आणि पाहिलं तेव्हापासून विसरलो नव्हतो. मी त्याला गाठलं. सामन्यामागे वीस दिनार, माझ्या खिशातून. अट एकच, मामांना कळता कामा नये. घरी सांगितलं की गाडीचा गिअरबॉक्स गेलाय.

मामांना मी सांगितलं की याला खेळायची हौस आहे. मामांनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं, तळहातावर शेंगदाणे-गूळ ठेवला आणि विचारलं, "आईचा नंबर?"

पहिल्याच सामन्यात त्यानं तीन गोल केले. त्या संध्याकाळी मामांनी केरळला फोन लावला. मामा कोल्हापुरी बोलत होते, ती बाई मल्याळम. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि पाच मिनिटं दोघं थांबायला तयार नव्हती. शेवटी तिनं फोन नेऊन गोठ्यातली गाय दाखवली. मामांनी दोरीवर वाळत घातलेल्या जर्सी दाखवल्या. "लई समजूतदार बाई हाय," मामा म्हणाले.

तुम्हाला खरं सांगू? मला फार मजा आली. आम्ही जिंकत होतो. ऑफिसातले लोक, जे कधी सलमाबादच्या पुढं आले नव्हते, ते बायकापोरांसह मैदानावर येऊ लागले. दोरीपाशी दोनशे माणसं. मी एकदा मोठ्यानं ओरडलोही. मामांनी वळून पाहिलं आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की घड्याळ खिशातून खाली पडलं.

पण अशी गोष्ट लपत नाही. केरळच्या मुलाच्या खोलीतल्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलं. आमचे दोन फिटर माझ्याकडे आले, खाली बघत म्हणाले, आम्हीही पळतोच की. मी त्यांनाही देऊ लागलो. नंतर गोलकीपर आला. एकापासून सुरुवात झाली, सेमीफायनलपर्यंत चार झाले. रेघा मारायला पूर्वी आठ जण यायचे, आता मामा आणि आणखी एक. मामा म्हणाले, "पोरं दमत्यात. लांबवर पोचलोय न्हवं यंदा."

दोरीपाशीही बदल झाला. आधी चेंडू बाहेर गेला तर लोक "असू दे, असू दे" म्हणायचे. आता टाचा उंचावून बघायचे, कुणामुळे गेला ते. सेमीफायनलला केरळच्या मुलाचा सोपा गोल चुकला आणि मागून कुणीतरी हिंदीत ओरडलं, "पैसा किस बात का लेता है?" चार माणसं हसली.

मामा वळले. "काय म्हणतोय ह्यो?"

मी म्हणालो, "गोदामातल्या पगाराबद्दल म्हणतोय, मामा."

इतकं सहज आलं तोंडातून. मामा त्या माणसापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "भावा, पगार गोदामाचा हाय. फुटबॉल त्येचा सोताचा हाय. त्येला बोलायचं न्हाई." तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी चुना बघत राहिलो.

त्याच आठवड्यात केरळचा मुलगा मनामाला माझ्या ऑफिसखाली येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. मला वाटलं, पैसे वाढवून मागणार. तो म्हणाला, "साब, वो गुड़ मेरे से नहीं खाया जाता. मामा बोलता है, यही तुम्हारा पगार. मैं दो पगार कैसे लेगा?"

मी त्याला सांगितलं, फायनल होईपर्यंत खा. त्यानं मान हलवली आणि बसकडे गेला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा मला जे सांगायला एवढ्या लांब आला, ते मला पन्नाशीत कळलं नव्हतं असं नाही. कळत होतं.

रत्नागिरीच्या पेंटरची जागा गेली होती. दोन सामने तो बाकावर बसला, मग यायचा थांबला. फायनलच्या आदल्या दिवशी तो जर्सी घेऊन आला. धुतलेली, घडी घातलेली, नऊ नंबर वर. त्याला सगळं माहीत होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मामाला मी नाय सांगणार. त्याची पुडी फुटू दे." जरा थांबून म्हणाला, "पण तुम्ही सांगा. कधीतरी."

फायनल आम्ही दोन-एकनं जिंकलो. दुसरा गोल केरळच्या मुलानं डोक्यानं मारला. तो चेंडू जाळीत गेला तेव्हा मामा ओरडले नाहीत. दोरीपाशी खाली बसले, रेतीत, मांडी घालून, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून लहान मुलासारखे हसत राहिले. ढोल कोण बडवतंय म्हणून मी बघितलं तर पेंटर. आला होता. त्या डब्याला त्या दिवशी पोचे पडले ते कायमचे.

मैदानावर रंग उडवायला मनाई होती. म्हणून सगळे कंपनीच्या बसपाशी गेलो. मामांनी खिशातून पुडी काढली. दहा वर्षांत कागद इतका मऊ झाला होता की दोऱ्याला हात लावताच उकलला. मामांच्या पेठेत पहिला गुलाल संघातल्या सर्वांत जुन्या खेळाडूला लागतो. मामांनी पेंटरला हाक मारली. "ये रं म्हाताऱ्या." कपाळभर गुलाल लावला, आणि तिथंच उभं राहून त्याच्या अम्मीला फोन लावला. "अम्मी, आज गेला आत." कुणी मारला ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पेंटरनं मामांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट बघत असल्यासारखं.

मग सगळे गुलाबी झाले. फिटर, गोलकीपर, बसचा ड्रायव्हर, केरळचा मुलगा तर ओळखू येईना. शेवटी मामा माझ्याकडे आले. "सायेब, फुकटच्या घामाचा गुलाल हाय ह्यो. असला आता कोल्हापुरात बी मिळत न्हाई." आणि माझा नंबरही आलाच. "आईला लावा फोन."

माझी आई पुण्यात, चष्मा शोधत शोधत तिनं फोन घेतला. मामा तिला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरानं एक पैसा न देता कप आणला." आईनं ते सोसायटीतल्या सगळ्यांना सांगितलं. अजून सांगते.

बोलायचं असतं तर ते तेव्हाच. मी पन्नास गुलाबी माणसांत उभा होतो आणि मी सुखात होतो. बोललो नाही.

मार्चअखेर मामा कोल्हापूरला परत गेले. लीग चालू आहे. आम्ही आता उघड पैसे देतो, बाकीच्या टीमही देतात. खेळ चांगला होतो, हे मान्य करायला हवं. केरळचा मुलगा दुसऱ्या टीमकडून खेळतो, भेटला की मामांची चौकशी करतो. त्याची आई अजून त्यांना फोन करते म्हणे. रेघा मारायला आता माणूस लावलाय. तो शिफ्टसारखा येतो, मारतो, जातो. सामना सुरू होताना माझा हात आपोआप पुढं होतो, घड्याळ घ्यायला.

मामांचे व्हॉइस मेसेज दर शुक्रवारी येतात. पेठेशी त्यांचं भांडण मिटलेलं नाही, उलट जोरात आहे. तालमीत बसून ते आमचंच उदाहरण देतात. मागच्या शुक्रवारचा मेसेज मी चार वेळा ऐकला. मागं चहाचे कप वाजत होते, कुणीतरी हसत होतं, आणि मामा फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलत होते. "सायेब, रजेवर येशीला तवा कोल्हापूरला या. तांबडा-पांढरा करतो. आनि चार मानसांसमोर येवढंच सांगा, की बहरीनला पैसा न देता कप आला. माझं कोन ऐकत न्हाई. म्हंत्यात, मामा गप्पा हाणतोय. तुम्ही हिशेबाचा मानूस. तुमचं ऐकतील."

मी रजा टाकली आहे. तिकीट काढलं आहे.

काल वर्कशॉपला गेलो होतो. येताना कंपनीच्या त्याच बसमधून आलो. तिसऱ्या सीटच्या पाठीवर पाच गुलाबी बोटं अजून आहेत, बस निघाली तेव्हा मामांनी धरलं होतं तिथं. ड्रायव्हर म्हणाला, पुसून पाहिली, जात नाहीत. पण त्यानं फार जोर लावला नसावा.

त्या चार माणसांसमोर जाण्याआधी मामांना बाजूला घेऊन मला एक वाक्य सांगायचं आहे. पैसे मी दिले होते, मामा. ते वाक्य मी त्यांना अजून देणं लागतो.